कोल्हापूरहून रेल्वेने माल पाठवायचा तर: मालधक्क्यावरचे शब्द, हिशेब आणि घासाघीस

रेल्वेच्या नकाशावर कोल्हापूर शेवटचे स्टेशन आहे. मिरजेहून सुटणारी सुमारे ४८ किलोमीटरची शाखा जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला येते आणि तिथेच थांबते. पुढे सह्याद्री आडवा. ही लाईन १८९१ मध्ये सुरू झाली. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि जिल्ह्याचा गूळ या रुळांवरून बाहेर जाऊ लागला. रुकडी सोडल्यावर लागणाऱ्या छोट्या स्टेशनचे नाव आजही गुळ मार्केट आहे.

मालाचे आणि रेल्वेचे नाते इतके जुने असूनही आपल्याकडचा बहुतेक माल आता ट्रकने जातो. त्यामागे कारणे आहेत, पण त्यातले एक कारण मला नेहमी टोचते: रेल्वेचा पर्याय अनेक जण हिशेब न मांडताच सोडून देतात. “रेल्वेचं काम लई किचकट” असे म्हणून विषय मिटतो. किचकट आहे हे खरे. पण ती गुंतागुंत काही मोजक्या शब्दांत आणि काही ठरलेल्या टप्प्यांत आहे, आणि ते समजले की लांबच्या मालावर हातात बऱ्यापैकी पैसे राहतात. हा लेख साखर कारखान्यांचे विक्री विभाग, गुळाचे अडते, शिरोली-गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले आणि चप्पल-कापडाचे छोटे व्यापारी यांना समोर ठेवून लिहिला आहे.

माझे म्हणणे एकच आहे. कोल्हापूरला एकच रेल्वे येते आणि तीही एकाच वाटेने. दुसऱ्या रेल्वेची भीती घालून भाव पाडून घेण्याची सोय इथे नाही. त्यामुळे आपली ताकद दोनच गोष्टींत आहे: दारापासून दारापर्यंतचा नेमका हिशेब आणि अटींचे ज्ञान.

पहिले पाऊल: माल कोणत्या गटातला ते ठरवा

रेल्वेच्या मालवाहतुकीचा मूळ घटक रेक आहे, म्हणजे एकत्र जोडलेल्या वॅगनची अख्खी गाडी. पोत्यांतला माल बंद वॅगनमधून जातो. बीसीएन या जुन्या बंद वॅगनचा रेक साधारण ४२ वॅगनचा, तर बीसीएनएचएल या नव्या प्रकाराचा ५८ वॅगनचा असतो. ४२ वॅगनच्या रेकमध्ये सुमारे २,६०० टन माल बसतो. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यांत सांगायचे तर ५२,००० पोती. नव्या रेकमध्ये हा आकडा ४,००० टनांच्या जवळ जातो.

हे आकडे वाचून छोटा व्यापारी इथेच वाचन थांबवेल, म्हणून लगेच सांगतो की मधले रस्ते आहेत. मिनी रेक हा किमान २० वॅगनचा असतो, मात्र त्याला अंतराची मर्यादा आणि काही अटी असतात. दोन ठिकाणी भरण्याचे किंवा दोन ठिकाणी उतरवण्याचे रेकही असतात: अर्धा माल एका स्टेशनात, अर्धा दुसऱ्यात. दोन कारखान्यांनी किंवा दोन व्यापाऱ्यांनी मिळून रेक भरणे हाही मार्ग आहे, फक्त प्रत्येकाच्या वॅगनचा आणि कागदाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.

गूळ, चप्पल, कापड, सुटे भाग अशा थोड्या मालासाठी पार्सल आहे. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियापर्यंत, दीक्षाभूमी धनबादपर्यंत आणि हरिप्रिया तिरुपतीपर्यंत जाते. अशा प्रवासी गाड्यांच्या गार्डच्या डब्याला जोडून असलेल्या पार्सल कप्प्यात साधारण चार टन माल बसतो. अख्खी पार्सल व्हॅन घेतली तर सुमारे २३ टन. हे कप्पे रेल्वे लिलावाने ठेकेदारांना भाड्याने देते, त्यामुळे छोट्या व्यापाऱ्याचा व्यवहार पुष्कळदा ठेकेदाराशीच होतो. तेव्हा पावती कुणाची आहे हे पाहा. ठेकेदाराच्या पावतीवर माल गेला तर नुकसानीचा तगादा आधी ठेकेदाराकडेच लावावा लागतो. हुपरीच्या चांदीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: चांदी रेल्वेच्या नियमांत खास वस्तूंच्या यादीत येते. तिची किंमत जाहीर करून जादा शुल्क भरले नाही, तर भरपाईची आशा धरू नये.

दुसरे पाऊल: दारापासून दारापर्यंतचा हिशेब

बहुतेकांची गफलत इथे होते. रेल्वेचे भाडे आणि ट्रकचे भाडे शेजारी ठेवून लोक निर्णय घेतात. ट्रक कारखान्याच्या गोदामातून उचलतो आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरवतो. रेल्वेचे भाडे मात्र एका मालधक्क्यापासून, म्हणजे स्टेशनात माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेपासून, दुसऱ्या मालधक्क्यापर्यंतचेच असते. तुलना करायची तर दोन्ही बाजू एकाच मापाने मोजा.

रेल्वेच्या बाजूला येणाऱ्या रकमा अशा: कारखाना ते मालधक्का ट्रकभाडे, धक्क्यावरची हमाली, रेल्वेभाडे आणि त्यावरचे अधिभार, पाच टक्के जीएसटी, उतरवण्याच्या ठिकाणची वाराई (तिकडची हमाली), तिथून गोदामापर्यंतचा ट्रक, पोत्यांची फाटतूट, आणि माल वाटेत अडकून राहतो त्या दिवसांचे व्याज. जीएसटीचे क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरू नका, पण रक्कम आधी भरावी लागते हे रोखीच्या गणितात धरा.

रीत समजावी म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा साखर पूर्व भारतात जायची आहे. रेल्वेभाडे टनाला १,९०० रुपये, धक्क्यापर्यंतचा ट्रक २५०, इकडची हमाली १५०, तिकडची १५०, तिकडचा ट्रक ३००. बेरीज २,७५० रुपये. अख्ख्या वाटेचा ट्रक समजा ३,१०० रुपये टन. फरक ३५० रुपये दिसतो. आता व्याज. २,६०० टन साखर किलोला ३६ रुपयांनी धरली तर रेकमध्ये ९ कोटी ३६ लाखांचा माल आहे. वर्षाला दहा टक्के व्याजाने दिवसाला साधारण २५,६०० रुपये. ट्रकपेक्षा रेल्वेला रेक जमवण्यापासून पोचण्यापर्यंत आठ दिवस जास्त लागले तर दोन लाखांवर, म्हणजे टनाला ७९ रुपये. फरक ३५० वरून २७१ वर आला. तरी अख्ख्या रेकमागे सात लाख रुपये वाचतातच. पण ट्रकवाल्याने परतीचा माल मिळतो म्हणून भाव २,८०० केला, तर हाच सौदा उलटा पडतो. म्हणून हिशेब दर वेळी नव्याने मांडा, मागच्या हंगामाच्या आकड्यावर जाऊ नका.

रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे किलोमीटरमागे उतरत जाते. त्यामुळे कोल्हापूर ते न्हावा शेवा अशा चारशे किलोमीटरच्या आतल्या पल्ल्यावर ट्रकच बहुधा जिंकतो. दोन्ही टोकांची हमाली आणि छोटे ट्रकभाडे रेल्वेची सगळी बचत खाऊन टाकतात. हजार किलोमीटरच्या पुढे चित्र पालटते. ईशान्येकडची, बंगाल-बिहारची गिऱ्हाइके असतील तर रेल्वेचा भाव काढल्याशिवाय सौदा करूच नये असे माझे ठाम मत आहे.

भाड्याचे दोन-तीन शब्द इथेच समजून घ्या. प्रत्येक मालाला रेल्वेने एक वर्ग दिला आहे. वर्ग १०० हा पाया. वर्ग १५० म्हणजे त्याच्या दीडपट दर. तुमच्या मालाचा वर्ग कोणता हे चालू दरपत्रकात स्वतः पाहा, कारण माल चुकीच्या नावाने दाखवला गेला तर दंड पाठवणाऱ्यावर बसतो. दुसरी गोष्ट, भाडे प्रत्यक्ष वजनावर नव्हे तर वॅगनच्या ठरलेल्या वहनक्षमतेवर लागते. वॅगन अर्धी रिकामी गेली तरी भाडे पूर्ण. क्षमतेपेक्षा जास्त भरले तर रेल्वे कायद्याच्या कलम ७३ खाली जबर दंड आहे. म्हणून थप्पी कशी लावायची, एका वॅगनमध्ये किती पोती जायची, हे आदल्या दिवशी कागदावर ठरवा.

अधिभारांत बिझी सीझनचा अधिभार महत्त्वाचा. रेल्वे ऑक्टोबर ते जून हा गर्दीचा काळ धरते. जुलै ते सप्टेंबर हे ढिले महिने, वॅगन त्यातल्या त्यात लवकर मिळतात. कारखान्याचा हंगाम संपला तरी साखर वर्षभर विकली जाते, म्हणून हे महिने मोहात पाडतात. पण तोच आपला पावसाळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता आणि रुकडीजवळ पंचगंगेवरची रेल्वेही थांबली होती. पावसाळ्यात रेक भरायचाच असेल तर जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळा, सप्टेंबर धरा.

तिसरे पाऊल: घासाघीस कशाच्या जोरावर करायची

अमेरिकेत रेल्वे कंपन्या खासगी आहेत आणि रूळही त्यांचेच. तिथे ज्या कारखान्याच्या दारात एकाच कंपनीचा रूळ येतो, त्याला कॅप्टिव्ह शिपर, म्हणजे बांधलेला गिऱ्हाईक म्हणतात. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने तिथल्या कंपन्यांना भाडे ठरवण्याची बरीच मोकळीक दिली. त्यानंतर विलीनीकरणे होत गेली आणि २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक व कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्यावर पहिल्या श्रेणीच्या कंपन्या सहाच उरल्या. बांधलेल्या गिऱ्हाइकाला तिथे सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या सरकारी नियामकाकडे दाद मागता येते. मात्र भाडे त्या वाहतुकीच्या बदलत्या (माल वाढेल तसा वाढणाऱ्या) खर्चाच्या १८० टक्क्यांच्या वर असेल आणि दुसरा खरा पर्याय नसेल तरच. रूळ असलेल्या कंपनीला शेजारच्या कंपनीचा डबा तिच्याच रुळावरून ठरावीक अंतरापर्यंत आणून द्यायला लावण्याची रेसिप्रोकल स्विचिंग नावाची तरतूदही तिथे वर्षानुवर्षे वादात आहे.

आपण कोल्हापूरकर त्या अर्थाने पक्के बांधलेले गिऱ्हाईक. मध्य रेल्वेचा पुणे विभाग सोडून दुसरे दार नाही. मिरजेला लोंढ्याकडून दक्षिण पश्चिम रेल्वे येते, पण दोन्ही एकाच भारतीय रेल्वेचे भाग. भाडे एकाच दरपत्रकाने लागते आणि विभाग बदलला तरी गिऱ्हाइकाला एकच सलग भाडे भरायचे असते. विभागांत भावाची चढाओढ नाही. भाडे अवाजवी वाटले तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ३६ मध्ये तक्रारीची सोय आहे, पण तो लांबचा आणि वकिलाच्या खर्चाचा रस्ता. रोजच्या धंद्यात उपयोगी पडणारी चढाओढ चार ठिकाणी आहे.

पहिली, ट्रक. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८५ टक्क्यांच्या वर होता. आता तो तीस टक्क्यांच्या खाली आला आहे आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य आहे. म्हणजे रेल्वेला गिऱ्हाईक हवे आहे. २०२० पासून विभागांमध्ये बिझनेस डेव्हलपमेंट युनिट आहेत, नवा माल रेल्वेकडे आणणे हेच त्यांचे काम. पुणे विभागाच्या या युनिटकडे “सवलत द्या” असा अर्ज घेऊन जाऊ नका. वर्षभरात किती टन, कोणत्या स्टेशनला, कोणत्या महिन्यात आणि आज ट्रक किती घेतो, हे एका पानावर लिहून न्या. स्टेशन ते स्टेशन खास दर, दीर्घ मुदतीचे करार अशा योजना रेल्वेकडे असतात आणि त्या नेमक्या आकड्यांवरच हलतात.

दुसरी, रिकाम्या वॅगन. मला यातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच वाटतो. कोल्हापूरच्या धक्क्यावर खताचे रेक उतरतात. ते रिकामे झाले की परत पाठवावेच लागतात. ज्या दिशेला रेल्वेच्या वॅगन नेहमी रिकाम्या धावतात, त्या दिशेच्या मालाला सवलत देण्याची योजना आहे. तुमचा माल त्या दिशेचा आणि योजनेत बसणारा आहे का, हे गुड्स सुपरवायझरला विचारा. सवलत बसली नाही तरी उतरलेल्या रेकचा पाठपुरावा केला तर लांबून रिकामा रेक आणवण्यापेक्षा वॅगन लवकर मिळू शकते. फक्त खताच्या वॅगनमध्ये साखर भरण्याआधी स्वच्छतेचे काम चोख हवे. त्याबद्दल पुढे.

तिसरी, कंटेनर. १९८८ मध्ये स्थापन झालेले कॉनकॉर, म्हणजे रेल्वेची सरकारी कंटेनर कंपनी, बरीच वर्षे एकटेच होते. २००६ मध्ये खासगी कंपन्यांनाही कंटेनर गाड्या चालवायला मुभा मिळाली. रूळ, इंजिन आणि मार्ग रेल्वेचा. कंटेनर, वॅगन आणि गिऱ्हाइकाशी व्यवहार कंपनीचा. भारतीय रेल्वेवर खऱ्या अर्थाने दोन-तीन भाव मागवता येतात ते इथेच. फौंड्रीच्या कास्टिंगला (ओतीव भागांना) कंटेनर सोयीचा आहे: भरताना कारखान्यात सील लागते, मधली हमाली वाचते. भाव मागवताना “कारखाना ते बंदर, सगळे धरून” असाच मागवा, नाहीतर टर्मिनलवरची हाताळणी, कंटेनर थांबल्याचे भाडे अशा ओळी मागाहून बिलात येतात.

चौथी, दुसरा धक्का. मिरज, सांगली किंवा शाखेवरचे एखादे स्टेशन तुमच्या मालाला उघडे असेल, तर दोन्हीकडचा हिशेब करा. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या कारखान्यांना कोल्हापूर गाठण्यापेक्षा दुसरे जवळ पडू शकते. मोठ्या मालकांसाठी डिसेंबर २०२१ चे गतिशक्ती मल्टिमोडल कार्गो टर्मिनल धोरण आहे. खासगी जागेवर स्वतःचा धक्का उभारता येतो. एकट्या कारखान्याला ते झेपेल असे नाही, पण तीन-चार सहकारी कारखान्यांनी एकत्र विचार करावा अशी ही गोष्ट आहे. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर आहे आणि तो झाला तर कोकण रेल्वेकडे दुसरे तोंड उघडेल. मात्र त्या भरवशावर आजचा कुठलाही करार करू नका.

चौथे पाऊल: मागणी नोंदवणे

वॅगनची मागणी म्हणजे इंडेंट. आता ती घरबसल्या फॉईस या रेल्वेच्या मालवाहतूक प्रणालीवर नोंदवता येते. सोबत नोंदणी शुल्क भरावे लागते. ते पुढे परत मिळते किंवा जप्त होते, आणि जप्त होण्याची मुख्य कारणे दोन: मागणी अवेळी रद्द करणे किंवा वॅगन आल्यावर न भरणे. नोंदणीची तारीख आणि वेळ महत्त्वाची, कारण एकाच प्राधान्यगटात जुनी मागणी आधी धरली जाते. गट मात्र ठरलेले असतात. लष्करी माल, सरकारी धान्य असे गट तुमच्या पुढे जातात.

साखरवाल्यांना इथे एक खास अडचण आहे. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. रेक कधी मिळेल हे तुमच्या हातात नाही, पण महिना संपतो तो ठरल्या दिवशीच. म्हणून इंडेंट महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाका आणि खरेदीदाराशी करार करताना उचल कोणत्या तारखेला धरली जाईल, रेक उशिरा लागला तर काय, हे लेखी ठरवा. ट्रकने काढायची पर्यायी योजनाही तयार असू द्या.

पाचवे पाऊल: रेक लागल्याचा दिवस

रेक धक्क्यावर लागला की घड्याळ सुरू होते. ठरावीक तासांचा फ्री टाइम असतो. त्यात भरून झाले नाही तर डेमरेज लागते. मूळ दर वॅगनमागे तासाला १५० रुपये हा आहे, आणि खोळंबा लांबला तर तो पटीने वाढवता येतो. ४२ वॅगनला तासाला ६,३०० रुपये. तासाचा अपुरा भागही पूर्ण तास धरला जातो.

डेमरेज चुकवायचे तर खरे काम रेक यायच्या आधीचे आहे. २,६०० टन माल म्हणजे २५ टनांचे शंभराहून अधिक ट्रक. ते सगळे एकाच वेळी मार्केट यार्डाच्या रस्त्यावर उभे राहिले तर ट्रक अडकतात, हमाल बसून राहतात आणि तास निघून जातात. कारखान्यातून ट्रक टप्प्याटप्प्याने सोडा आणि प्रत्येक ट्रकला वॅगनचा क्रमांक आधीच देऊन ठेवा. माथाडी टोळीच्या मुकादमाशी आदल्या दिवशी बोला: किती माणसे, कोणत्या पाळीला, रात्री काम करायचे तर दर काय. धक्क्यावर हे ठरवायला गेलात तर भाव त्यांचा आणि वेळ तुमचा जातो. शिवाय शंभर पोती पाठीवर वाहणाऱ्या माणसाला पाणी, सावली आणि वेळेवर पैसे मिळाले पाहिजेत. ते कुठल्याही हिशेबाच्या आधी येते.

आता वॅगन तपासणी. इथे घाई करू नका. प्रत्येक वॅगनमध्ये माणूस आत पाठवा, दारे बंद करा आणि छताकडे बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. आधीच्या खताचा किंवा सिमेंटचा थर, उग्र वास, ओली जमीन, बाहेर आलेले खिळे-पत्रे पाहा. दोष मोठा असेल तर भरण्याआधी गुड्स क्लार्कला लेखी कळवा आणि वॅगन बदलून किंवा वगळून मागा. गूळ तर वास आणि ओल दोन्ही लगेच धरतो. तळाला आणि दाराशी प्लॅस्टिक अंथरा, दारापाशी पोती थोडी आत ठेवा, दाराच्या फटी बंद करा. भरून झाल्यावर सील क्रमांक, वॅगन क्रमांक आणि पोत्यांची संख्या यांचा फोटो काढून ठेवा. मोबाईलमधला तो फोटो दोन महिन्यांनी तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार ठरतो.

सहावे पाऊल: फॉरवर्डिंग नोट आणि आरआर

माल देताना तुम्ही भरता ती फॉरवर्डिंग नोट आणि माल घेतल्यावर रेल्वे देते ती रेल्वे रसीद, सगळे तिला आरआर म्हणतात. ट्रकच्या बिल्टीपेक्षा, म्हणजे मालाच्या पावतीपेक्षा, आरआरचे वजन मोठे आहे: ती ज्याच्या नावे किंवा ज्याला पाठीमागे सही करून दिली, माल त्याचा. बँकेमार्फत पैसे घ्यायचे असतील तर आरआर हातात असेपर्यंत माल तुमच्या ताब्यात आहे असे समजा. आता इलेक्ट्रॉनिक आरआरही मिळते, ती ऑनलाइनच पुढे पाठवता येते. सोय मोठी, पण ती कुणाच्या लॉगिनवरून कुणाकडे जाते याची शिस्त कार्यालयात हवी.

सही करण्याआधी तीन जागा वाचा.

भाडे कुणाचे: पेड म्हणजे तुम्ही भरले, टू-पे म्हणजे माल घेणारा भरणार. टू-पेला सगळीकडे आणि सगळ्या मालाला परवानगी नसते, आणि जादा आकारही लागू शकतो.

जोखीम कुणाची: ओनर्स रिस्क म्हणजे मालकाच्या जोखमीचा दर आणि रेल्वे रिस्क म्हणजे रेल्वेच्या जोखमीचा. स्वस्त म्हणून मालकाच्या जोखमीवर टाकले, तर नुकसान रेल्वेच्या हयगयीमुळे झाले हे तुम्हाला सिद्ध करावे लागते.

“सेड टू कंटेन” शिक्का आहे का: भरताना रेल्वेचा माणूस मोजणीला हजर नसेल तर पावतीवर हे शब्द येतात. अर्थ असा की पोत्यांची संख्या तुम्ही सांगितली, रेल्वेने मोजली नाही. पोती कमी निघाली तर पुरावा तुम्ही द्यायचा. म्हणून मोजणीला कर्मचारी मागा, आणि तो मिळालाच नाही तर वर सांगितलेले फोटो आणि वॅगनवार याद्या जपा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. किंमत जाहीर न करता दिलेल्या मालाची रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपयांपर्यंतच मर्यादित आहे. साखरेला हे साधारण पुरते. मशिनिंग झालेल्या कास्टिंगला, चपलांना, इचलकरंजीच्या कापडाला अजिबात पुरत नाही. दहा किलोच्या पेटीत आठ हजारांच्या चपला असतील तर पेटी हरवल्यावर मिळणार पाचशे. यावर उपाय दोन: फॉरवर्डिंग नोटवर किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क भरणे, किंवा स्वतःचा ट्रान्झिट विमा. दोन्हींचा भाव काढा. वारंवार माल पाठवणाऱ्याला वर्षाचा विमा सोयीचा पडतो.

सातवे पाऊल: माल पोचल्यावर

रेक सुटला की आरआरच्या क्रमांकावरून फॉईसवर तो कुठे आहे हे पाहता येते. पोचण्याच्या दोन दिवस आधीपासून तिकडच्या माणसाला रोज कळवत राहा, कारण तिकडेही घड्याळ तसेच चालते. वॅगनमधून माल वेळेत उतरला नाही तर डेमरेज. उतरून धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेज. दोन्ही एकाच रेकवर लागू शकतात. उतरवणारा आणि पैसे भरणारा वेगवेगळा असेल तर खरेदी करारात “पोचल्यानंतरचे डेमरेज व व्हार्फेज खरेदीदाराकडे” ही ओळ हवीच. अडचण खरोखर तुमच्या हाताबाहेरची असेल, जसे पूर, बंद किंवा रेल्वेने एकाच वेळी दोन रेक आणून लावणे, तर डेमरेज माफीचा अर्ज करता येतो. अर्ज मुदतीत आणि पुराव्यासह द्या: त्या दिवसाच्या पावसाची बातमी, ट्रक अडकल्याचे फोटो, मुकादमाच्या हजेरीचा कागद.

डिलिव्हरी घेताना ई-वे बिल (जीएसटीखालचा माल नेण्याचा ऑनलाइन परवाना) लागते, त्यात आरआरचा तपशील भरलेला असावा. आरआर हरवली असेल तर हमीपत्रावर माल सुटतो, मात्र त्यात वेळ जातो.

आठवे पाऊल: तूट आणि क्लेम

सील तुटलेले, दार उघडे, पोती ओली अशी चिन्हे दिसली तर माल उतरवायला सुरुवात करण्याआधी थांबा. असेसमेंट डिलिव्हरी लेखी मागा, म्हणजे रेल्वेच्या समक्ष नुकसान मोजून त्याची नोंद होते. घाईत सही करून “माल बरोबर मिळाला” असे लिहून दिले की पुढचा रस्ता जवळजवळ बंद होतो. माल पोचल्यावर सात दिवसांपर्यंतच रेल्वेची सांभाळणाऱ्याची जबाबदारी राहते. त्यामुळे उचल लांबवून नंतर तक्रार करण्यात अर्थ नाही.

क्लेमची नोटीस रेल्वे कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे माल रेल्वेकडे सोपवल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. मोजणी माल पोचल्यापासून नाही, सोपवल्यापासून. ही मुदत चुकली की खरा क्लेमही बुडतो. जास्त आकारलेले भाडे परत मागायलाही सहाच महिने आहेत. नोटीस मुख्य वाणिज्य व्यवस्थापक, क्लेम्स यांच्या नावे नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. सोबत आरआरची प्रत, बीजक, वॅगनवार यादी, असेसमेंटचा कागद आणि फोटो जोडा. उत्तर समाधानकारक नसेल तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्यूनलकडे जाता येते. तिथे माल सोपवल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. तिथे निकाल कागदांवर लागतो, म्हणून प्रत्येक रेकची वेगळी फाईल पहिल्याच दिवशी उघडा आणि तिच्या पहिल्या पानावर सहा महिने संपण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.